आतून झिजलेला अडसर

मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझ्या जीवनाची हकीकत सांगण्यास उभा आहे. उभा आहे हे बोलण्याची रीत म्हणून म्हटले. वास्तविक पाहता मी तबेल्याच्या एका कोपऱ्यात भिंतीला लागून आडवा पडलेलो आहे आणि मधोमध फाटून माझे दोन तुकडे झालेले आहेत. हे तुकडे कसे झाले, ते होत असताना दाराबाहेर कोण बसले होते आणि त्या वेळी माझी काय अवस्था झाली होती, हे सर्व मी क्रमाने आणि काहीही न लपवता निवेदन करणार आहे. यात शौर्याचा भाग थोडा आणि भीतीचा फार आहे. ज्यांना शौर्याची कथा हवी असेल त्यांची मी प्रारंभीच क्षमा मागतो.

मी एक जुना अडसर आहे. हल्ली दारांना लोखंडी कड्या आणि कुलपे आल्यामुळे आपणांपैकी पुष्कळांनी अडसर पाहिला नसेल. अडसर म्हणजे दाराच्या आतून आडवा घालायचा जाड लाकडी दांडा. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक भोक असते, एक उथळ आणि एक खोल. दार उघडायचे असले की अडसर खोल भोकात सरकवून द्यायचा, म्हणजे तो भिंतीच्या पोटात गडप होतो. दार लावायचे असले की त्याला ओढून बाहेर काढायचे आणि त्याचे टोक समोरच्या उथळ भोकात अडकवायचे. बाहेर यायचे आणि आत जायचे, यापलीकडे माझ्या आयुष्यात प्रवास नाही.

माझा जन्म बांधावरच्या बाभळीचा. तिची एक जाड फांदी वठू लागली म्हणून तरुण घरधन्याने तिच्यावर कुऱ्हाड चालवली. पहिला घाव बसला तेव्हाच भीती म्हणजे काय ते मला कळले, आणि तेव्हापासून तिने माझी सोबत सोडली नाही. तो काही सुतार नव्हता. चार दिवस खपून त्याने मला तासले आणि फुटक्या काचेने खरवडून गुळगुळीत केले. नंतर मला दोन दगडांवर आडवे ठेवून तो स्वतः माझ्यावर चढला आणि उड्या मारू लागला. त्याची बायको भाकरीचे पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि तिने विचारले की, हे दारासाठी चालले आहे की पुलासाठी. तो हसला. मी मात्र मोडेन की काय या धास्तीने आतून गार झालो होतो.

मोडलो नाही. मला तबेल्याच्या दाराला बसवण्यात आले. ते दार छातीएवढे उंच, अर्धे, फळकुटांचे आणि नावापुरतेच होते. जनावरांचा खरा भार माझ्यावर असे. मला प्रथम खोल भोकात सरकवले त्या क्षणी मी किती घाबरलो ते शब्दांत सांगता येणार नाही. आत काळोख, दमट माती, मुंग्यांची रांग आणि एकदा तर सापाची कात. वाळवी येईल, आता येईल, अशी वाट पाहत मी कित्येक वर्षे काढली. वाळवी आली नाही. संकट आले ते ज्या बाजूकडून मी कधी भ्यालोच नव्हतो त्या बाजूकडून आले.

काळ लोटला. तरुण घरधनी म्हातारा झाला आणि त्याची बायको वारली. तो आता सर्वांचा आजोबा. त्यांच्या मुलाच्या हाती शेत आले आणि मुलाच्या बायकोच्या, म्हणजे सूनबाईच्या, हाती जनावरे आली. जनावरे तरी किती, दोन घोडी आणि सहा शेळ्या. भुऱ्या नावाचा थोरला घोडा शांत होता. तो सकाळीच मुलाबरोबर शेतावर जाई. दुसरी घोडी भिंगरी. आठवडी बाजाराला गाडी ओढण्याखेरीज तिला काम नसे, आणि बुजण्याखेरीज छंद नसे. ती छत्रीला बुजे, दोरीवर वाळणाऱ्या धोतराला बुजे, आणि एकदा तर स्वतःच्याच शेपटीची सावली पाहून तिने गव्हाण उलथली होती. अशा जनावरापुढे मला आडवे राहायचे होते. ती थरथरली की मीही थरथरे.

एका वर्षी शेळ्यांच्या कुडाचे छप्पर बसले म्हणून शेळ्या चार दिवसांसाठी तबेल्यात बांधल्या. तेव्हा सर्वांनी एक नवल पाहिले. सर्वांत म्हातारी शेळी भिंगरीच्या पायांशी बसून रवंथ करू लागली आणि भिंगरी मान खाली घालून निवांत चारा खाऊ लागली. बाहेर भांडे आपटले तरी तिने एक कान शेळीकडे केला, शेळी हलली नाही असे पाहिले, आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातले. सूनबाईने त्या शेळीचे नाव मावशी ठेवले. त्या दिवसापासून शेळ्यांचा मुक्काम तबेल्यातच पडला, आणि मीही पहिल्यांदा थोडा निर्धास्त झालो.

आजोबांना पुढे ऐकू येईनासे झाले. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडले तर कळे, एरवी नाही. त्यांचे गुडघेही धरले होते. सकाळी मुलगा आणि सून दोन्ही बाजूंनी धरून त्यांना तबेल्याच्या दाराशी आणून बसवत, कारण दुपारपर्यंतचे ऊन तेथे पडे. एक बुटके स्टूल होते. त्यावर बसून ते दाराला पाठ टेकत. दाराच्या आत लगेच मी, आणि माझ्या आत भिंगरी. तिला पार्श्वभाग खाजवण्याची सवय होती. ती माझ्यावर अंग घासत असे, मी दाराला ढकलत असे, आणि दार आजोबांच्या पाठीला घासे. त्यांना ते फार आवडे.

ते सुनेला म्हणत, "घोडी माझी पाठ चोळून देते. एवढी सेवा घरात कोण करतं सांग."

सूनबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणे, "मग उद्यापासून चहासुद्धा तिच्याकडेच मागा, मामंजी."

यावर ते डोळे मिटून हसत. मित्रांनो, त्या वेळी आमच्या मध्ये फक्त बोटभर जाडीची फळकुटे होती. त्यांचे हसणे माझ्या अंगात उतरे. हाच काय तो माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ.

आता माझ्या नाशाचे कारण सांगतो. ते ऐकून कोणाही व्यक्तीला दोष देऊ नये ही विनंती. रोज संध्याकाळी धार काढण्यापूर्वी सूनबाई जनावरांना तळहातावर खडेमीठ चाटवी. मग खारट हात दुधाच्या भांड्याला लागू नये म्हणून ती तो कशाला तरी पुसत असे. पदराला पुसला तर पदर कडक होतो. मी तर हाताशीच. मीठ ती अर्ध्या दारावरून आत वाकूनच देई आणि मग आत येण्यासाठी मला सरकवता सरकवता तळहात माझ्या आतल्या अंगाला पुसून टाकी. वर्षानुवर्षे मी असे मीठ प्यालो.

आणि शेळ्यांनी ते ओळखले. प्रथम त्या मला चाटू लागल्या. खरखरीत, ओल्या जिभा. मला वाटले आपले लाड चालले आहेत. पुढे जिभेच्या मागून दात आले. शेळीला पुढचे दात फक्त खाली असतात. त्या खालून वर, खालून वर, मला खरवडू लागल्या, आणि या कामात सर्वांत पुढे होती मावशी. ज्या शेळीमुळे भिंगरी शांत होती तीच मला थोडे थोडे खात होती. मी तिच्यावर रागावू तरी कसा? मी केवळ भीत होतो. रोज सकाळी मी मनात मोजू पाही की काल किती होतो आणि आज किती उरलो.

आपण विचाराल की, माणसांना हे दिसले कसे नाही. त्याचे उत्तर माझ्या धंद्यातच आहे. माणूस तबेल्यात येतो तेव्हा प्रथम मला भिंतीत सरकवतो. तो आत असेपर्यंत मी भोकात असतो. तो बाहेर गेला की मला ओढतो, आणि बाहेरून माझी फक्त वरची आणि बाहेरची बाजू दिसते, ती तशीच चकचकीत होती. माझी आतली बाजू पाहणारी सारी जनावरेच. मी झिजत गेलो तसा भोकात सैल झालो, आणि मला कौतुकही वाट्याला आले. मुलगा एकदा बायकोला अभिमानाने म्हणाला की, बाबांच्या हातची वस्तू पाहा, वापरून वापरून कशी लोण्यासारखी सरकते. ते शब्द ऐकून माझ्या अंगावर जो काटा आला, तो लाकडाला येत नाही असे कोणी म्हणू नये.

अशातच नालबंद आला. नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा. तो दर दोन महिन्यांनी येई आणि हातांपेक्षा तोंड अधिक चालवी. भिंगरी पुढचा पाय टेकत नव्हती. खुरात पू झाला होता. ती पळेल म्हणून त्याने दार लावून घेतले, मला अडकवले, आणि आत बसून काम केले. मुलगा भिंगरीचे तोंड धरून उभा होता. इतक्या वर्षांत दार लावून आत बसलेली पहिली माणसे ती. नालबंदाने खूर कापता कापता वर पाहिले आणि हातातली वाकडी सुरी थांबवली.

"दादा, तुमच्या शेळ्यांना चारा कमी पडतो का हो? अडसर अर्धा खाल्लाय की."

मुलाने वाकून पाहिले. माझ्यावर अंगठा फिरवला. मित्रांनो, त्या क्षणी माझी भीती प्रथमच आशेत बदलली. आता मला काढतील, दुसरा घालतील, असे मला वाटले. परंतु सुगीचे दिवस होते आणि त्याचे अर्धे मन शेतात होते. त्याने विचार केला तोही चुकीचा म्हणता येणार नाही. तो म्हणाला की, अजून मनगटाएवढा जाड आहे, सुगी उरकली की नवा करू, तोवर खाणारी तोंडे बाजूला केली म्हणजे झाले. त्याच दिवशी त्याने शेळ्या अंगणापलीकडे विहिरीजवळच्या कुडात नेऊन बांधल्या. जाताना नालबंदाने बजावले की, खुराला ओल लागू देऊ नका, घोडीला आठ दिवस बाहेर काढू नका.

म्हणजे काय झाले ते पाहा. मला वाचवण्यासाठी मावशीला नेले. भुऱ्या दिवसभर शेतावर, मावशी गेलेली, आणि बुजरी भिंगरी आठ दिवस एकटी कोंडली गेली. तिच्यापुढे मी, अर्धा खाल्लेला. माझ्यामागे आजोबा.

आणि आजोबांना कोणी काही सांगितले नाही. हे सारे बोलणे चालले होते तेव्हा ते दाराबाहेर स्टुलावरच होते, वीतभर अंतरावर. त्यांना काहीच ऐकू गेले नव्हते. त्यांना सांगायचे तर ओरडून सांगावे लागते, आणि ओरडून सांगितलेले शेजारच्या मळ्यापर्यंत जाते. आपल्या शेळ्यांनी आपल्या बापाच्या हातचा अडसर खाल्ला आणि आपल्याला पत्ता नाही, ही गोष्ट मुलाला गावभर करायची नव्हती. शिवाय ती त्याला फार मोठी वाटलीही नाही.

पहिल्या दिवशी भिंगरी सारखी दाराकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने चारा सोडला. तिसऱ्या दिवशी ती जागच्या जागी फिरू लागली आणि फिरताना दर खेपेला माझ्यावर आदळू लागली. दर धक्क्याला माझ्यात कोठेतरी एक तंतू तुटे. तो आवाज मला विजेसारखा वाटे, पण तो एवढा बारीक की बाहेरच्या चिमणीनेही मान वळवली नाही. मी करकरत होतो. करकरणे एवढीच मला वाणी आहे, आणि ज्यांच्यासाठी मी करकरत होतो त्यांनाच ऐकू येत नव्हते. उलट आजोबा सुनेला म्हणाले की, घोडी हल्ली मन लावून चोळते.

चौथ्या दिवशी, ऊन दारावर आले असताना, शेजारच्या मळ्यात मळणीयंत्र सुरू झाले. प्रथम ते गुरगुरले. मग त्याच्या धुराच्या नळीतून एकापाठोपाठ बार निघू लागले. गेल्या वर्षीही ते आले होते, पण तेव्हा मावशी होती. या वेळी भिंगरीने कान दोन्हीकडे फिरवले, शेळी शोधली, ती नव्हती. तिचे डोळे पांढरे झाले. दुखऱ्या पायाने तिला पुढे झेपावता येईना, म्हणून तिने पाठ दाराकडे केली आणि मागचे दोन्ही पाय उचलून झाडले.

पहिली लाथ माझ्या डाव्या अंगाला बसली. दार बाहेर फुगले. आजोबांची मान पुढे झाली आणि पुन्हा मागे टेकली. ते हसत म्हणाले, "अगं, हळू."

मी धीर धरला असे मी म्हणणार नाही. मला धीर नव्हता. मला एवढेच दिसत होते की मी गेलो की दार जाईल, दार गेले की स्टूल जाईल, आणि मग ती घाबरलेली घोडी नालांसकट त्या मनुष्यावरून जाईल ज्याने मला काचेने खरवडून गुळगुळीत केले होते. त्यांना उठून पळता येत नव्हते. पळायला हवे हे त्यांना ठाऊकही नव्हते.

दुसरी लाथ बरोबर मध्यावर बसली, जेथे मीठ सर्वांत जास्त होते. मी फाटलो. आडवा तुटलो असतो तर सारे तेव्हाच संपले असते. मी उभ्या शिरांतून फाटलो आणि दोन बोटे रुंदीच्या एका पट्टीवर लोंबत राहिलो. याचे श्रेय माझे नाही, बाभळीचे आहे.

त्या वेळी सूनबाई विहिरीजवळ कुडात शेळ्यांना पाणी दाखवत होती. तिने लाथांचा आवाज ऐकला, अंगणापलीकडे पाहिले, आणि चौकटीवरून गळणारी माती तिला दिसली. तिने हाक मारली नाही. हाक व्यर्थ होती. ती सासऱ्यांकडे धावलीही नाही. त्यांना उठवायला दोन माणसे लागतात, आणि ती एकटीच उठवायला गेली असती तर दारासमोर एकाऐवजी दोघे झाले असते. तिने मावशीचे दावे सोडले आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

म्हातारी शेळी अशी धावेल असे कोणाला वाटले नसते. तिसरी लाथ बसण्यासाठी भिंगरीचे पाय जमिनीवरून सुटत होते, तेवढ्यात मावशी थेट आजोबांच्या मांडीवर चढली, पुढचे पाय तिने दारावर ठेवले आणि आत तोंड घालून ओरडली. एकदाच, लांबलचक.

भिंगरीचे पाय खाली आले. तिने एक कान मागे वळवला. मग दुसरा. ती थरथरत वळली आणि तिने दारावरून मान बाहेर काढून मावशीच्या पाठीवर टेकवली. माझी उरलेली पट्टी करकरली, आणि थांबली.

"हो बाजूला. मी काय दगड आहे चढायला?" आजोबा शेळीला म्हणाले.

पुढे नालबंदाच्या कानावर हे गेले तेव्हा तो सूनबाईला थट्टेने म्हणाला की, वहिनी, सासऱ्यांना सोडून तुम्ही शेळीकडे धावलात असे ऐकतो. तिने शांतपणे उत्तर दिले की, मामंजींना उडी मारता येत असती तर त्यांच्याकडेच धावले असते.

परंतु त्या दुपारी कोणी थट्टा केली नाही. मुलगा शेतावरून आला. त्याने मला उथळ भोकातून सोडवले तेव्हा माझी ती पट्टीही सुटली आणि माझे अर्धे अंग त्याच्या हातात आले. त्याने माझे दोन्ही तुकडे आजोबांच्या मांडीवर ठेवले. त्यांना तोवर अंगणातल्या आंब्याखाली आणून बसवले होते. त्यांनी माझ्या आतल्या बाजूवरून बोटे फिरवली. दातांच्या चऱ्या एकेक करून चाचपल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिले आणि मागे हात नेऊन तो आपल्या पाठीवरून फिरवला. इतक्या वर्षांत मी एकटाच भीत होतो. आता आम्ही दोघे झालो.

सूनबाई त्यांच्या कानाशी वाकली. मित्रांनो, आपली चूक हळू आवाजात कबूल करणेही किती कठीण असते. तिला ती ओरडून करावी लागली.

"मीठ माझ्या हाताचं होतं, मामंजी."

मग मुलगा दुसऱ्या कानाशी गेला. तोही ओरडला. त्याने सांगितले की, नालबंदाने दाखवले होते, चार दिवस झाले, आणि मी तुम्हाला सांगितले नाही. अंगणात सर्वांना ऐकू गेले. शेजारच्या मळ्यातही गेले असेल, कारण यंत्र तेव्हा बंद होते.

आजोबांनी विचारले, "का रे नाही सांगितलंस? ओरडायला लाज वाटली?"

मुलाने होकाराची मान हलवली.

"मग हात धरून दाखवायचं होतंस," ते म्हणाले. "कान गेलेत माझे. हात बहिरे नाहीत."

याहून अधिक ते कोणाला बोलले नाहीत. मुलगा मात्र तेथेच, त्यांच्या पायांशी, मातीत बसला.

तदनंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. सुगी थांबवून त्याच दिवशी नवा अडसर झाला. शेळ्या तबेल्यात परत आल्या. मिठासाठी एक दगडी वाडगा आला. आजोबा अजूनही सकाळी त्याच जागी येऊन बसतात, पण पाठ टेकून नव्हे. ते स्टूल फिरवून घेतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. भिंगरी आतून अंग घासते, दार हलते, आणि त्या दाराला पलीकडे कोणाची पाठ नसते. संध्याकाळी मात्र एक नवी रीत झाली आहे. दार लावण्यापूर्वी मुलगा वडिलांचा हात धरतो आणि नव्या अडसराच्या आतल्या बाजूवरून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. मी कोपऱ्यातून ते पाहतो.

मी अद्यापही भितो. मला चुलीची भीती वाटते, थंडी पडली की विशेष. अजून कोणी मला उचललेले नाही. परंतु माझी विनंती माझ्यासाठी नाही. मित्रांनो, ज्या वस्तूच्या भरवशावर तुम्ही पाठ टेकता, तिची तुम्हाला न दिसणारी बाजू अधूनमधून हाताने पाहत चला. आणि कोणाला तीत खोट दिसली, तर ज्याची पाठ तेथे टेकलेली आहे त्याला ती सांगा. ओरडून सांगावी लागली तर ओरडून सांगा. चार माणसांनी ऐकले तर ऐकू द्या.

माझ्या बोलण्यात काही उणेअधिक झाले असल्यास पोटात घालावे. एवढा वेळ एका मोडक्या लाकडाचे ऐकून घेतल्याबद्दल आपणां सर्वांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
तबेल्याचा जुना अडसर